कंट्रोल रॉडमधल्या बोरॉन कार्बाइडचे ऑक्सिडेशन: गंभीर अपघाताचे मॉडेल पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

अणुभट्टीतल्या गंभीर अपघाताचे गणित शिकताना बहुतेकांचे लक्ष इंधनाच्या नळ्यांच्या झिरकोनियमवर असते. ते साहजिक आहे, कारण गाभ्यात तो टनावारी असतो. कंट्रोल रॉड इनपुट फाइलमध्ये शेवटी, घाईघाईने भरले जातात. पण वाफेने ऑक्सिडेशन होताना किलोमागे निघणारा हायड्रोजन मोजला तर कंट्रोल रॉडमधले न्यूट्रॉन शोषणारे बोरॉन कार्बाइड झिरकोनियमच्या जवळजवळ सहापट हायड्रोजन देते. शिवाय रॉड इंधनाच्या बरेच आधी वितळतात आणि शेजारच्या क्लॅडिंगलाही (इंधनावरच्या नळ्यांनाही) सोबत घेऊन जातात. म्हणून हा भाग नीट बांधायला हवा.

नवखा माणूस आपला बराच वेळ वेगाचा स्थिरांक कुठून घ्यायचा या शोधात घालवतो. उत्तर सगळ्यात जास्त हलते ते दोन गोष्टींमुळे: रॉडचे स्टील फुटून वाफ बोरॉन कार्बाइडपर्यंत केव्हा पोचते, आणि तोवर त्यातले किती जागेवर घन अवस्थेत उरलेले असते. पुढच्या पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत.

भट्टी कोणती, रॉड कसा

कोड (अपघाताचे गणित करणारा संगणक प्रोग्राम) उघडण्याआधी रॉडचा आडवा छेद कागदावर काढा. उकळत्या पाण्याच्या भट्टीत, म्हणजे बीडब्ल्यूआरमध्ये, क्रॉसच्या आकाराचे ब्लेड असतात. स्टीलच्या बारीक नळ्यांत बोरॉन कार्बाइडची दाबून भरलेली पूड, त्यावर स्टीलचे पातळ वेष्टन, मग फट आणि पलीकडे झिरकोनियमचा चॅनल बॉक्स. १९६९ मध्ये सुरू झालेली तारापूरची पहिली दोन युनिटे आणि फुकुशिमा दाइइची या एकाच कुळातल्या. दाबाखालच्या पाण्याच्या (पीडब्ल्यूआर) फ्रेंच १३०० मेगावॅट भट्ट्यांत बोरॉन कार्बाइडच्या गोळ्या स्टीलच्या नळीत असतात आणि ती नळी झिरकोनियमच्या गाइड ट्यूबमध्ये असते. कुडनकुलमच्या जातीच्या रशियन बनावटीच्या व्हीव्हीईआर-१००० मध्ये वरच्या लांबीत बोरॉन कार्बाइड आणि टोकाला डिस्प्रोशियम टायटॅनेट असते. टोकाचा भाग वेगळे मटेरियल म्हणूनच भरा.

इतर अनेक पाश्चात्त्य पीडब्ल्यूआरमध्ये ८० टक्के चांदी, १५ टक्के इंडियम आणि ५ टक्के कॅडमियमचा मिश्रधातू वापरतात. तिथला प्रश्नच निराळा आहे. तो ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास नळीतच वितळतो, नळी फुटली की कॅडमियमची वाफ एकदम बाहेर पडते, आणि मॉडेल करायचे ते एरोसोल. भारतातल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. त्यांच्या शट-ऑफ रॉडमध्ये स्टीलच्या दोन थरांमध्ये कॅडमियम असते, त्यामुळे हा लेख त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

आधी हाताने हिशेब

मुख्य अभिक्रिया अशी: एक मोल बोरॉन कार्बाइड आणि सात मोल वाफ यांपासून दोन मोल बोरॉन ऑक्साइड, एक मोल कार्बन मोनॉक्साइड आणि सात मोल हायड्रोजन. आठ मोल वाफ लागली तर कार्बन डायऑक्साइड आणि आठ मोल हायड्रोजन मिळतो. सहा मोल वाफेच्या वाटेने मिथेन आणि चारच मोल हायड्रोजन.

पहिली वाट धरून एक किलो बोरॉन कार्बाइड पूर्ण जाळा. त्याला २.२८ किलो वाफ लागते. त्यातून २.५२ किलो बोरॉन ऑक्साइड, ०.५१ किलो कार्बन मोनॉक्साइड आणि ०.२५५ किलो हायड्रोजन निघतो. एक किलो झिरकोनियममधून हायड्रोजन मिळतो ०.०४४ किलो. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. कोडचे आउटपुट यांच्याशी जुळले नाही तर मोलर वस्तुमान किंवा अभिक्रियेचे गुणक चुकलेले असतात, आणि ते पहिल्याच दिवशी सापडलेले बरे.

आता साठा. उदाहरणादाखल एका ब्लेडमध्ये ७६ नळ्या, आतला व्यास ३.५ मिमी, भरलेली लांबी ३.६ मीटर आणि पुडीची घनता सैद्धान्तिक घनतेच्या ७० टक्के, म्हणजे घनमीटरला सुमारे १,७६० किलो धरा. एका नळीत ६१ ग्रॅम, ब्लेडमध्ये ४.६ किलो. फुकुशिमाच्या युनिट १ मध्ये ९७ ब्लेड होते. हीच मापे लावली तर साधारण ४५० किलो, आणि सगळे जळले तर ११५ किलो हायड्रोजन. सगळे कधीच जळत नाही. पण ही वरची मर्यादा माहीत असल्याशिवाय कोडने दिलेला आकडा मोठा की छोटा, हे सांगता येत नाही. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पुडीला २,५२० किलो ही पूर्ण घनता लावणे. साठा थेट ४० टक्क्यांहून जास्त फुगतो.

तापमानाची शिडी

गाभा तापत जाताना काय कोणत्या क्रमाने घडते ते असे. बोरॉन ऑक्साइड ४५० अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे त्याचा कडक संरक्षक थर बनतच नाही. ८०० अंशांच्या आसपास उघड्या बोरॉन कार्बाइडचे ऑक्सिडेशन मोजता येईल इतके होते. ९३० अंशांच्या पुढे लोखंड आणि झिरकोनियम एकमेकांना टेकलेले असतील तर युटेक्टिक द्रव, म्हणजे दोघांच्याही वितळणबिंदूंच्या खाली बनणारे वितळलेले मिश्रण, तयार होऊ शकतो. सुमारे १,१७५ अंशांना लोखंड-बोरॉन युटेक्टिक येते आणि १,२०० ते १,२५० अंशांत स्टीलच्या नळीचे द्रवीकरण झपाट्याने होते. शुद्ध स्टील वितळायला सुमारे १,४५० अंश लागतात, झिर्कलॉयला (झिरकोनियमच्या मिश्रधातूला) १,७६० आणि बोरॉन कार्बाइडला सुमारे २,४५०.

म्हणजे नळी स्वतःच्या वितळणबिंदूच्या २०० ते २५० अंश आधीच जाते. इनपुटमध्ये नळी फुटण्याचे तापमान म्हणून १,४५० अंश ठेवले तर वाफेला बोरॉन कार्बाइड कित्येक मिनिटे उशिरा दिसते, आणि तोवर शेजारचे झिरकोनियम भडकलेले असते. उकळत्या पाण्याच्या भट्टीच्या ब्लेडवर सँडिया प्रयोगशाळेत १९८६ मध्ये केलेल्या डीएफ-४ चाचणीतही ब्लेड इंधनाच्या खूप आधी वितळून खाली गेले होते.

युटेक्टिकची भूक किती असते पाहा. लोखंड-बोरॉन युटेक्टिकमध्ये वजनाने सुमारे ३.८ टक्के बोरॉन असतो. एक किलो बोरॉन कार्बाइडमध्ये ०.७८ किलो बोरॉन आहे, म्हणजे तत्त्वतः ते १९-२० किलो लोखंड द्रव करू शकते. स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल असल्याने नेमका आकडा हलतो, पण मुद्दा कायम राहतो: सगळे स्टील पातळ करायला बोरॉन कार्बाइडचा थोडासाच भाग पुरतो. बाकीचा भाग उघडा पडतो किंवा द्रवाने माखून जातो. यातले कोणते घडते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

कोडमध्ये तीन अटी स्वतंत्र ठेवा: युटेक्टिक तापमान ओलांडले का, नळीचे उरलेले स्टील ठरवलेल्या मर्यादेखाली गेले का, आणि त्या खोलीत (मॉडेलसाठी गाभ्याच्या पाडलेल्या एका भागात) वाफ आहे का. तिन्ही खऱ्या झाल्या तरच बोरॉन कार्बाइडचे ऑक्सिडेशन सुरू होऊ द्या. शिवाय बऱ्याच कोडमध्ये बोरॉन कार्बाइडचा जास्तीत जास्त किती अंश जळू द्यायचा याचा एक पॅरामीटर असतो आणि त्याची मूळ किंमत फारच छोटी असू शकते. मॅन्युअलमध्ये तो शोधा. तो तसाच ठेवून 'बोरॉन कार्बाइडचा परिणाम नगण्य आहे' असा निष्कर्ष काढणे म्हणजे गृहीतकच उत्तर म्हणून छापणे.

वेग

झिरकोनियम आणि स्टील यांना परवलयी नियम लागतो: जळालेल्या धातूच्या दर चौरस मीटर वस्तुमानाचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. अर्बानिक-हायड्रिक सूत्रानुसार १,८५३ केल्विनच्या खाली झिरकोनियमचा स्थिरांक २९.६ गुणिले ई चा घात (−१६,८२० भागिले तापमान) असा आहे. १,८७३ केल्विनच्या वर ८७.९ आणि −१६,६१०. स्टीलसाठी २.४२ × १०⁹ आणि −४२,४००. तापमान केल्विनमध्ये, एकक किलोचा वर्ग भागिले मीटरचा चौथा घात, दर सेकंदाला. सेल्सिअस टाकले तर कोड चूक दाखवत नाही, फक्त उत्तर बिघडते.

१,५०० केल्विनला झिरकोनियमचा स्थिरांक ४.० × १०⁻⁴ येतो. १०० सेकंदांत चौरस मीटरमागे ०.२ किलो, म्हणजे साधारण ३१ मायक्रॉन धातू. स्टीलचे त्याच तापमानाला ०.३६ किलो. दोन्ही वक्र १,४०० केल्विनच्या आसपास एकमेकांना छेदतात. त्याखाली झिरकोनियम पुढे, त्यावर स्टील. ब्लेडचे स्टील 'निष्क्रिय' म्हणून सोडून देणारे मॉडेल इथेच हायड्रोजन गमावते. मात्र स्टीलच्या ऑक्सिडेशनची उष्णता झिरकोनियमच्या मानाने किरकोळ असते.

संख्यात्मक बाजू: वेग काढून तो कालपायरीने गुणू नका. जुन्या मूल्याच्या वर्गात स्थिरांक गुणिले कालपायरी मिळवा आणि वर्गमूळ घ्या. सुरुवातीची जाडी शून्य असेल तर पहिल्याच पायरीत वेग अनंताकडे जातो, म्हणून निदान एक मायक्रॉन ऑक्साइड आधीच द्या.

बोरॉन कार्बाइडचा स्वभाव वेगळा आहे. एकीकडे ऑक्साइडचा द्रव थर वाढतो, तो परवलयी. दुसरीकडे तोच थर वाफेशी संयोग पावून बोरिक आम्लांच्या रूपात उडून जातो, तो रेषीय. १,००० अंशांच्या खाली थर टिकतो आणि वेग मंदावत जातो. १,२०० अंशांच्या वर तो टिकत नाही. मग पृष्ठभागाची रसायनक्रिया इतकी जलद होते की वाफ किती वेगाने तिथे पोचते तेवढाच वेग उरतो. म्हणून प्रत्येक पायरीत दोन वेग काढा, रासायनिक आणि वायुवहनाचा, आणि लहान असेल तो घ्या.

वायुवहनाची मर्यादा हाताने काढता येते. १,५०० केल्विन, एकूण दाब २ बार, त्यात वाफ १ बार, विसरण गुणांक सुमारे २ × १०⁻⁴ चौरस मीटर दर सेकंद, वाटेचा हायड्रॉलिक व्यास १० मिमी आणि शेरवुड अंक (वायू पृष्ठभागापर्यंत किती सहज पोचतो ते सांगणारा एककरहित आकडा) ४ धरा. वहन गुणांक सेकंदाला ०.०८ मीटर येतो. वाफेची संहती घनमीटरला ८ मोल, म्हणून चौरस मीटरवर सेकंदाला ०.६४ मोल वाफ पोचते. तिला सातने भागून ५५.२५ ने गुणले की ५ ग्रॅम बोरॉन कार्बाइड, म्हणजे पुडीच्या घनतेला सेकंदाला जवळजवळ ३ मायक्रॉन झीज. ३.५ मिमी व्यासाचा उघडा स्तंभ या वेगाने दहा मिनिटांत संपेल. कोड याहून जलद जाळत असेल तर पृष्ठभागाचे क्षेत्रफळ तपासा. बहुतेक वेळा कुणीतरी पुडीच्या कणांचे आतले क्षेत्रफळ भरलेले असते. उच्च तापमानात बाहेरचे भौमितिक क्षेत्रफळच खरे.

वाफेची वाटणी

एकाच खोलीत झिरकोनियम, स्टील आणि बोरॉन कार्बाइड तिघेही वाफ मागतात. प्रत्येकाला पूर्ण वाफ दाखवून वेग काढला आणि मग बेरीज केली, तर खोलीत नसलेली वाफही खर्च होते. तिघांची मागणी मोलमध्ये काढा, आलेला प्रवाह आणि खोलीतला साठा यांच्याशी तुलना करा, कमी पडली तर सगळ्यांची मागणी सारख्या प्रमाणात छाटा. हे प्रवाहाच्या दिशेने, खालून वर, खोलीमागून खोली करायचे. खालच्या खोलीतून हायड्रोजन वर येतो आणि वरच्या खोलीतली वाफ पातळ होते, हे आपोआप आले पाहिजे.

एक पडताळा इथेच करून घ्या. जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या क्वेंच सुविधेत, जिथे रॉडचा जुडगा तापवून मग थंड करतात, चाचणीच्या सुरुवातीच्या टप्प्यात वाफ सेकंदाला ३ ग्रॅम दिली जाते. तेवढी सगळी संपली तरी हायड्रोजन सेकंदाला ०.३४ ग्रॅमहून जास्त निघू शकत नाही. त्या टप्प्यात तुमचा आलेख ही रेषा ओलांडत असेल तर वाटणी चुकली आहे.

उष्णता: इथे घाई करू नका

कार्बन मोनॉक्साइडच्या वाटेची उष्णता १,५०० केल्विनला मोलमागे सुमारे ७६० किलोजूल, म्हणजे किलोमागे जवळपास १३.८ मेगाजूल. झिरकोनियमची ६.४. पण हीच अभिक्रिया २९८ केल्विनच्या संदर्भाने मोजली तर सुमारे ९०० किलोजूल येते, कारण बोरॉन ऑक्साइड वितळवायला आणि तापवायला बरीच उष्णता लागते. तुमचा कोड एन्थाल्पी कोणत्या संदर्भ तापमानापासून मोजतो ते पाहा आणि त्याच जोडीचा आकडा घ्या. नाहीतर मोलमागे १४० किलोजूल दोनदा धरले जातील किंवा गायब होतील.

त्याहून मोठा सापळा बाष्पीभवनात आहे. बोरॉन ऑक्साइड आणि वाफ मिळून मेटाबोरिक आम्लाची वाफ होते तेव्हा ऑक्साइडच्या मोलमागे साडेतीनशे किलोजूलच्या आसपास उष्णता शोषली जाते. एका मोल बोरॉन कार्बाइडमागे दोन मोल ऑक्साइड असते, म्हणजे सगळे ऑक्साइड त्या वाटेने उडाले तर मिळालेली जवळजवळ सगळी उष्णता परत जाते. ऑर्थोबोरिक आम्लाच्या वाटेत हा फरक जवळपास शून्य आहे. गाभ्याच्या तापमानाला पहिली वाट वरचढ असते, थंड नळ्यांकडे जाताना दुसरी. म्हणून 'बोरॉन कार्बाइड जळाले, इतके मेगाजूल रॉडमध्ये घातले' एवढ्यावर थांबलेले मॉडेल रॉड वाजवीपेक्षा जास्त तापवते.

द्रव झाल्यावर

स्टील, बोरॉन कार्बाइड आणि झिरकोनियम यांचा मिश्र द्रव वाफेत शुद्ध बोरॉन कार्बाइडपेक्षा जोरात ऑक्सिडाइज होतो. लहान चाचण्यांमध्ये तो उसळून बाहेर पडलेला दिसतो आणि हायड्रोजनचा झोत येतो. याचे सर्वमान्य साधे सूत्र नाही. नवख्याने सुरुवातीला दोन टोके चालवावीत: एकात द्रवातले बोरॉन आणि कार्बन अजिबात जळत नाहीत, दुसऱ्यात ते वायुवहनाच्या मर्यादेने जळतात. खरे उत्तर या दोहोंमध्ये असते आणि त्यांतले अंतरच तुमच्या अहवालातली अनिश्चितता.

द्रव खाली वाहून थंड भागात गोठतो आणि वाट अडवतो. त्यामुळे वाफेचा प्रवाह बदलतो, म्हणून वाटणीचा हिशेब अडथळ्यानंतर पुन्हा तपासा. न्यूट्रॉन शोषणारा बोरॉन खाली गेला आणि इंधन वर उभे राहिले तर बोरॉन नसलेले पाणी भरताना भट्टी पुन्हा क्रिटिकल होण्याची, म्हणजे साखळी अभिक्रिया पुन्हा सुरू होण्याची, शक्यताही तपासावी लागते. ते काम न्यूट्रॉनिक्सवाल्यांचे, पण बोरॉन कोणत्या उंचीवर किती उरला हा तक्ता त्यांना तुमच्याकडूनच जाणार आहे. तो आउटपुटमध्ये ठेवा.

पडताळणीचा क्रम

लहानापासून मोठ्याकडे जा. आधी एकट्या नमुन्याच्या प्रयोगशाळेतल्या तापवण्याच्या भट्टीतल्या चाचण्या, जिथे तापमान आणि वाफ हातात असते. तिथे वेग आणि वायूंचे प्रमाण जुळवा. मग क्वेंच-०७ (२००१) आणि क्वेंच-०८ ही जोडी: रचना सारखी, पहिलीत मधला रॉड बोरॉन कार्बाइडचा, दुसरीत नाही. दोन्ही एकाच इनपुटने, फक्त मधला रॉड बदलून चालवा. त्यानंतर क्वेंच-०९ (२००२), जिथे थंड करण्याआधी वाफेचा तुटवडा केला होता आणि नंतर वाफ सोडल्यावर हायड्रोजन प्रचंड वाढला. ज्या मॉडेलला ०७ जमते आणि ०९ मध्ये हायड्रोजन कमी पडतो, त्याचा मिश्र द्रवाचा भाग कमकुवत आहे असे समजा. या चाचण्यांत २१ पैकी एकच रॉड बोरॉन कार्बाइडचा असतो आणि थेट त्याच्यापासून आलेला हायड्रोजन एकूणात छोटा हिस्सा आहे, म्हणून एकूण हायड्रोजन जुळला यावर समाधान मानू नका. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडचे वक्र जुळवा. कार्बन फक्त रॉडमधूनच येतो, त्यामुळे तीच खरी खूण.

तापलेली लांबी १,०२४ मिमी आहे. ५ ते १० सेंटिमीटरच्या खोल्या पुरतात. तापमान भडकण्याच्या टप्प्यात कालपायरी ०.१ सेकंदावर आणा आणि निम्मी करून उत्तर हलते का पाहा.

मिथेनबद्दल खास सूचना. समतोल गणित थंड खोल्यांमध्ये भरपूर मिथेन दाखवते, कारण कमी तापमान आणि जास्त हायड्रोजन त्याला अनुकूल. चाचण्यांत मात्र तो नगण्यच दिसला. गाभ्याबाहेर कार्बनच्या वायूंचे प्रमाण गोठवून ठेवा. हे आयोडीनच्या गणितालाही लागते, कारण खोटा मिथेन पुढे खोटे सेंद्रिय आयोडाइड बनवतो.

शेवटी फ्रान्समधल्या कॅडाराशची फेबस एफपीटी-३ ही चाचणी, २००४ ची: खरे इंधन आणि मध्ये बोरॉन कार्बाइडचा रॉड. चांदीच्या रॉडच्या आधीच्या चाचण्यांपेक्षा इथे वायुरूप आयोडीनचा हिस्सा खूपच मोठा होता. बोरिक आम्ल सीझियमला बांधून घेते आणि आयोडीनला जोडीदार उरत नाही, हे त्याचे एक कारण मानले जाते. तुमच्या मॉडेलमधून वाहिनीत जाणारा बोरॉन चुकला तर त्यापुढचा आयोडीनचा आकडाही चुकणार. म्हणून प्रत्येक रनच्या शेवटी बोरॉनचा ताळेबंद मांडा: रॉडमध्ये उरलेला, द्रवात विरघळलेला, बोरॉन ऑक्साइड म्हणून बसलेला, वाफेसोबत गेलेला. बेरीज सुरुवातीच्या साठ्याशी हजारात एकाच्या आत जुळली नाही तर तो रन कुणाला देऊ नका.